विश्लेषण : बदली झालेल्या ‘साहेबां’चं फर्निचर इतकं स्वस्त कसं?

फेसबुकवर ओळखीच्या माणसाचा मेसेज येतो. कधी ते शाळेतले जुने सर असतात, कधी सोसायटीचे सेक्रेटरी, कधी थेट जिल्ह्यात पूर्वी असलेले एखादे कलेक्टर किंवा पोलीस अधिकारी. आधी ‘कसे आहात?’ होतं, मग फोन नंबर मागितला जातो आणि मग मूळ विषय निघतो. ‘माझे एक मित्र सीआरपीएफमध्ये अधिकारी आहेत. त्यांची तातडीने बदली झाली आहे. घरातलं सगळं फर्निचर कमी किमतीत द्यायचं आहे. सामान उत्तम आहे, मी स्वतः पाहिलंय. ते तुम्हाला फोन करतील.’

पाठोपाठ फोटो येतात. सागवानी डबलबेड, सोफा, डायनिंग टेबल, कपाट, दोन दारांचा फ्रिज, एसी, इन्व्हर्टर. सगळ्याची मिळून किंमत सत्तर-ऐंशी हजार. एवढ्या पैशांत दुकानात धड बेड आणि सोफाही यायचा नाही. शिवाय ‘सामान आवडलं नाही तर परत करा’ अशी हमी.

मेसेज पाठवणारे सर हे सर नसतात. त्यांच्या नावाने आणि फोटोने कोणीतरी दुसरं खातं उघडलेलं असतं किंवा त्यांचंच खातं हॅक झालेलं असतं. ‘अधिकारी मित्र’ अधिकारी नसतो. आणि फर्निचर तर कुठेच नसतं. हीच जाहिरात जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या साइट्सवर आणि फेसबुक मार्केटप्लेसवर थोड्या फरकाने गेली अनेक वर्षं फिरते आहे. पोलिसांनी वारंवार इशारे दिले, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, तरी लोक फसतात. ते फक्त हावरट किंवा भोळे आहेत म्हणून फसतात, असं म्हणणं सोपं आहे. पण या जाहिरातीची रचना नीट पाहिली तर ते तितकंसं खरं वाटत नाही.

‘एवढं स्वस्त का?’ याचं उत्तर आधीच तयार

कवडीमोल भावात वस्तू दिसली की कोणाच्याही मनात पहिला प्रश्न येतो, की यात काहीतरी गोम आहे का? ही जाहिरात तो प्रश्न पडण्याआधीच उत्तर देऊन टाकते. बदली झाली आहे, चार दिवसांत निघायचं आहे, सामान सोबत नेणं परवडत नाही. म्हणजे किंमत कमी आहे ती वस्तू खराब म्हणून नव्हे, तर माणूस अडचणीत आहे म्हणून. घेणाऱ्याला आपण स्वस्तात माल मिळवतोय आणि एका जवानाला मदतही करतोय, असं दुहेरी समाधान मिळतं.

फर्निचरच का, याचंही कारण आहे. जुनं फर्निचर खरोखरच स्वस्त मिळतं. मोबाइल किंवा सोन्याची जुनी किंमत कोणालाही चटकन कळते. सोफ्याची कळत नाही. प्लायवूडचं कपाट घरात आल्या दिवसापासून भाव गमावतं आणि जिने उतरवून टेम्पोत चढवायचा खर्च कधी कधी त्याच्या किमतीएवढा होतो. पुण्यात किंवा नवी मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस नोकरी बदलली की खरोखरच बेड निम्म्याहून कमी भावात देऊन मोकळा होतो. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे ‘एवढं स्वस्त असूच शकत नाही’ असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. खरा स्वस्त सौदा आणि खोटा स्वस्त सौदा फोटोत अगदी सारखेच दिसतात.

बदलीची कथाही इथल्या माणसाला ओळखीची वाटते. पुणे, खडकी, देवळाली, कामठी, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या ठिकाणी लष्कराच्या छावण्या आहेत, तळेगावला सीआरपीएफचा तळ आहे, विमानतळांवर सीआयएसएफचे जवान दिसतात. लष्करी बदल्या होणं ही या शहरांत बातमीसुद्धा नसते. साताऱ्याच्या अपशिंगेसारख्या गावाच्या नावामागेच ‘मिलिटरी’ लागतं. घरटी माणूस सैन्यात असलेल्या भागात ‘जवान खोटं बोलणार नाही’ हा समज आतून आलेला असतो. ठग विकतो तो हा विश्वास, पलंग-सोफा नावापुरते.

गणवेशाचा पुरावा, आणि त्यातली भोकं

थोडी शंका आली तर पुरावे हजर असतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवर गणवेशातला माणूस. मग ओळखपत्राचा फोटो, कॅन्टीन कार्ड, आधार कार्ड. ही कार्डं अनेकदा खऱ्या जवानांचीच असतात. आधीच्या एखाद्या फसवणुकीत किंवा इंटरनेटवरून मिळवलेली. म्हणजे ज्याचं कार्ड आहे तो जवान स्वतः या गुन्ह्याचा एक बळी असतो आणि फसलेले लोक नंतर त्याच्याच नावाने तक्रार करतात. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया ज्या प्रांतात गाजला, तिथे ‘तोतया’ या शब्दाचा अर्थ सांगायला नको. फरक इतकाच, की आता तोतयाला चेहरा दाखवावा लागत नाही.

गंमत म्हणजे कथेत ठळक चुका असतात. ओळखपत्र सीआयएसएफचं असतं आणि सामान पोहोचवायला ‘आर्मीचा ट्रक’ येणार असतो. सीआयएसएफ आणि सीआरपीएफ ही गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतली दलं. लष्कर संरक्षण मंत्रालयाखाली. एकाच्या जवानाचा जुना सोफा दुसऱ्याच्या ट्रकने गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचवला जात नाही. खरं तर कोणत्याच दलाची गाडी खासगी विक्रीचा माल पोहोचवत नाही. लष्करी वसाहतीतल्या सरकारी घरांत बरंचसं फर्निचर मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसकडून भाड्याने दिलेलं असतं. ते विकण्याचा प्रश्नच येत नाही. बदलीवर जाणाऱ्याला सामान हलवण्यासाठी सरकारी भत्ताही मिळतो. पण हे सैन्याशी संबंध असलेल्यालाच माहीत. बाकीच्यांसाठी खाकी म्हणजे खाकी.

पैसे एकदम जात नाहीत

या फसवणुकीचा गाभा पहिल्या मेसेजमध्ये नसून त्यानंतरच्या दोन-तीन तासांत आहे. समजा, ७५ हजारांना सौदा ठरला. ‘साहेब’ आगाऊ पूर्ण पैसे मागत नाहीत. उलट ‘सामान घरी पोहोचल्यावर, बघूनच पैसे द्या’ म्हणतात. इथेच बरेच जण निर्धास्त होतात. मग फक्त गेट पासचे दोन-तीन हजार हवे असतात. तेही ‘रिफंडेबल’.

ते भरले की ट्रकमध्ये सामान चढवतानाचा फोटो येतो, वाहतुकीची शिक्क्यासहित पावती येते. मग गाडीचं भाडं. मग विमा. मग जीएसटी. मग एक खास युक्ती : ‘तुम्ही ५,१०० पाठवले, पण सिस्टीमला ५,१०१ हवे होते. त्यामुळे एंट्री झाली नाही. पुन्हा पूर्ण रक्कम पाठवा, आधीचे आपोआप परत येतील.’ आवाज करडा, हिंदी लष्करी थाटाची, बोलण्यात ‘जय हिंद’ आणि मागे कोणीतरी ‘यस सर’ म्हणतंय. ज्या खात्यात पैसे जातात त्यावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळत नाही, हे विचारलं तर उत्तर मिळतं की ते युनिटच्या अकाउंटंटचं खातं आहे.

एव्हाना वीस-बावीस हजार गेलेले असतात. या टप्प्यावर माणूस सोफ्यासाठी पैसे भरत नसतो. आधी भरलेले पैसे सोडवण्यासाठी भरत असतो. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं त्याला वाटतं. आणखी आठ हजार भरले की सगळं सुटेल. ठगाला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून प्रत्येक नवी मागणी आधी गेलेल्या एकूण रकमेपेक्षा लहान ठेवली जाते. बायको किंवा मुलगा ‘आता बस्स’ म्हणेपर्यंत किंवा खात्यातली शिल्लक संपेपर्यंत हे चालतं. अनेकदा घरच्यांना सांगितलेलंच नसतं, कारण स्वस्तात घर सजवून त्यांना चकित करायचं असतं.

सोफा विकणाराही सुरक्षित नाही

याच नाटकाची उलटी बाजू म्हणजे विकणाऱ्याची फसवणूक. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीतल्या एका मोठ्या राजकीय नेत्याच्या घरात हे घडलं. जुना सोफा विकायला काढला होता. ‘ग्राहका’ने आधी खात्री म्हणून किरकोळ रक्कम पाठवली आणि मग क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगितलं. पैसे येण्याऐवजी दोन वेळा मिळून ३४ हजार रुपये गेले. शिकलेलं, तंत्रज्ञान वापरणारं घर होतं ते.

यूपीआयमध्ये पैसे मिळवण्यासाठी काहीही स्कॅन करावं लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच, येत नाहीत. पण ‘रिसिव्ह’ असं लिहिलेला कोड आणि घाईत बोलणारा माणूस समोर असला की हे साधं सूत्र विसरलं जातं. एका खातेदाराने दुसऱ्याकडे पैशांची मागणी पाठवण्याची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ सोय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, ती अशाच फसवणुकींमुळे. एक दार बंद झालं. क्यूआर कोडचं उघडं आहे.

हे करतं कोण?

या धंद्याचा माग अनेकदा हरियाणातलं नूह, राजस्थानातलं भरतपूर आणि अलवर, उत्तर प्रदेशातलं मथुरा या तीन राज्यांच्या सीमेवरच्या पट्ट्यात पोहोचतो. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या फ्युचर क्राइम रिसर्च फाउंडेशनने सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशातल्या सायबर गुन्ह्यांच्या केंद्रांमध्ये भरतपूरचा वाटा १८ टक्के, मथुऱ्याचा १२ टक्के आणि नूहचा ११ टक्के होता. वेब मालिकेमुळे घराघरांत पोहोचलेलं जामताडा या यादीत त्यांच्या मागे होतं. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी सुमारे पाच हजार पोलीस घेऊन नूहमधल्या १४ गावांवर एकाच रात्री छापे घातले. पुढच्या तपासात देशभरातली सुमारे २८ हजार प्रकरणं आणि शंभर कोटींच्या आसपासची फसवणूक समोर आल्याचं पोलिसांनी सांगितलं.

या भागात मोबाइल येण्याच्या आधीपासून ‘टटलू’ नावाचा प्रकार चालत असे. सोन्याची वीट सापडली आहे, गुपचूप स्वस्तात विकायची आहे, असं सांगून बाहेरगावच्या माणसाला बोलवायचं आणि पितळ गळ्यात मारायचं. विटेच्या जागी सोफा आला आणि गिऱ्हाइकाला गावापर्यंत यायची गरज उरली नाही, एवढंच बदललं. दुसरी बाजूही नोंदवायला हवी. नीती आयोगाने २०१८ मध्ये मागास जिल्ह्यांची क्रमवारी लावली तेव्हा नूह, म्हणजे तेव्हाचं मेवात, सर्वांत मागे होतं. दिल्ली-गुरुग्रामच्या उंबरठ्यावर असूनही तिथे रोजगार नाही, शाळा अपुऱ्या आहेत. त्याने गुन्हा माफ होत नाही, पण एक टोळी पकडली की दुसरी तयार का होते, हे कळतं. आता मात्र हे तंत्र एका पट्ट्यापुरतं राहिलेलं नाही. तयार सिमकार्ड, भाड्याची बँक खाती आणि कार्डांचे फोटो मिळाले की ते कुठूनही करता येतं.

पैसे परत का मिळत नाहीत?

फसलेल्या माणसाला पहिला धक्का ठगाकडून बसतो, दुसरा बँकेकडून. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले, त्यात दोष ना त्याचा ना बँकेचा आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य धरली जाते. पण इथे पिन ग्राहकानेच टाकलेला असतो. बँकेच्या लेखी तो व्यवहार ‘अनधिकृत’ नसतो.

उरतो तो वेळेचा मार्ग. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि तिथे शिल्लक असेल तेवढी रक्कम गोठवली जाते. ठगांनाही हे माहीत आहे. म्हणून पैसे आले की ते काही मिनिटांत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात पांगवले जातात किंवा एटीएममधून काढले जातात. ही खाती बहुतेक वेळा चार-पाच हजारांसाठी पासबुक आणि सिमकार्ड देऊन टाकलेल्या गरीब माणसांची किंवा विद्यार्थ्यांची असतात. पहिल्या तासात केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी केलेला फोन यात सगळा फरक पडतो. पण माणूस तो पहिला तास ‘साहेबां’ना फोन करण्यात घालवतो, कारण ट्रक अजून येईल अशी आशा असते.

लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशातल्या लोकांनी सायबर फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ७,४६५ कोटी होता. २०२१ मध्ये ही तक्रार यंत्रणा सुरू झाल्यापासून २०२५ च्या मध्यापर्यंत, म्हणजे चार वर्षांत, तिच्यामुळे वाचलेली रक्कम साडेपाच हजार कोटींच्या आसपास होती. यात शेअर गुंतवणूक, ‘डिजिटल अरेस्ट’ असे मोठे प्रकार आहेत. फर्निचरच्या नावाखाली गेलेली रक्कम त्या मानाने लहान असते. तीस-चाळीस हजारांसाठी परराज्यात पथक पाठवणं पोलीस ठाण्याला परवडत नाही आणि ठगाचा हिशेब नेमका यावरच बेतलेला आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला सात वर्षांपर्यंत आणि तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा मवाळ नाही. पण त्यासाठी आधी आरोपी सापडावा लागतो.

जाहिरात दाखवणाऱ्यांचं काय?

जुन्या वस्तूंच्या साइट्स आणि समाजमाध्यमं कायद्याच्या नजरेत ‘मध्यस्थ’ आहेत. ग्राहक-विक्रेत्याची गाठ घालून देणारे. व्यवहाराला जबाबदार नसलेले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ने त्यांना हे संरक्षण दिलं आहे, मात्र योग्य ती दक्षता घेण्याच्या अटीवर. २०२१ च्या नियमांनुसार कोणाच्या नावाने तोतया खातं उघडलं गेलं आणि त्या व्यक्तीने तक्रार केली, तर ठरावीक मुदतीत ते हटवण्यासाठी पावलं उचलणं बंधनकारक आहे. अडचण अशी की खऱ्या सरांना आपल्या नावाचं दुसरं खातं आहे हे कळतं तेच कोणीतरी फसल्यावर.

पैसे देऊन केलेल्या जाहिरातींचा प्रश्न आणखी टोकदार आहे. ‘गोदाम बंद होत आहे, सोफा फक्त ९९९ रुपये’ अशा जाहिराती नामांकित ब्रँडच्या हुबेहूब नकली साइटवर नेतात आणि त्या दाखवण्याचे पैसे समाजमाध्यमाला मिळतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये रॉयटर्सने मेटाच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे बातमी दिली, की २०२४ च्या उत्पन्नापैकी सुमारे दहा टक्के उत्पन्न फसव्या आणि प्रतिबंधित वस्तूंच्या जाहिरातींतून येईल असा कंपनीचाच अंदाज होता. तो अंदाज ढोबळ आणि अवाजवी होता, असं मेटाचं म्हणणं. अंदाज निम्म्याने चुकला असं धरलं, तरी अशा जाहिराती गाळण्याची घाई कंपन्यांना का नसते, हा प्रश्न उरतोच.

ओळखायचं कसं?

सगळ्यात खात्रीचा उपाय जुना आहे. ज्या सरांचा मेसेज आला, त्यांना त्यांच्या आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा. मेसेंजरवर उलट विचारून उपयोग नाही, तिथे तोच ठग उत्तर देणार. सामान त्याच शहरात असेल तर बघायला जायचं. ‘छावणीत बाहेरच्यांना प्रवेश नाही’ असं उत्तर आलं, तर छावणीबाहेर भेटू म्हणायचं. खरा विकणारा भेटतो. फोटो गुगल लेन्सवर टाकला तर अनेकदा तोच सोफा चार शहरांतल्या जाहिरातींत सापडतो. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी जे नाव दिसतं ते बँकेत नोंदलेलं असतं. जून २०२५ अखेरपासून अ‍ॅप्सना तेच दाखवणं बंधनकारक आहे, ग्राहकाने स्वतः लिहिलेलं टोपणनाव नव्हे. ‘अकाउंटंट’ची कथा इथेच उघडी पडते. ऑनलाइन दुकान असेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तिथे कंपनीचं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क असायलाच हवा. आणि फेसबुकवरची मित्रयादी लपवून ठेवली, तर आपल्या नावाचा वापर करून आपल्याच माणसांना गाठणं ठगाला अवघड जातं.

पैसे गेलेच तर १९३० वर फोन, व्यवहाराचा क्रमांक, चॅटचे आणि ओळखपत्राचे स्क्रीनशॉट. चॅट रागाने डिलीट करायचं नाही. गोठवलेली रक्कम आपोआप खात्यात येत नाही. त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज करावा लागू शकतो आणि त्यात बरेच महिने जाऊ शकतात.

या प्रतीक्षेच्या काळातही आणखी एक फोन येऊ शकतो. बोलणारा स्वतःला सायबर सेलचा अधिकारी म्हणवतो. त्याला फसवणुकीची तारीख, रक्कम, अगदी सोफ्याचा रंगसुद्धा माहीत असतो. पैसे सापडले आहेत, म्हणतो. फक्त फाइल पुढे सरकवण्यासाठी २,४९९ रुपये भरायचे आहेत. तेही ‘रिफंडेबल’.